फक्त स्टॅनफर्ड! दुसऱ्या कॉलेजचं नावही काढू देत नाही

केतकी_बन:
नमस्कार मंडळी. आम्ही इलिनॉयमध्ये राहतो. लेक आता बारावीत जाते आहे. कॉम्प्युटर सायन्सच (सीएस) करायचं आणि तेही स्टॅनफर्डलाच, असा हट्ट आहे. अनवेटेड जीपीए (शाळेची सरासरी, ४ पैकी) ३.९४, सॅट (प्रवेशपरीक्षा, १६०० पैकी) १५२०, रोबोटिक्स, शिवाय लायब्ररीत लहान मुलांना कोडिंग शिकवते. मुलगी गुणी आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण दुसऱ्या कॉलेजचा विषय काढला की "तुझा माझ्यावर विश्वासच नाही" म्हणून दार लावून घेते. नवऱ्याचं म्हणणं, घरचं यूआययूसी (अर्बाना-शॅम्पेनचं इलिनॉय विद्यापीठ) आहेच की, ते सेफ्टी (हमखास मिळेल असं कॉलेज) धरू आणि शांत बसू. शाळेच्या काउन्सेलरकडे इतकी मुलं आहेत की दहा मिनिटांच्या वर वेळ मिळत नाही.
तिचं मन न मोडता यादी कशी वाढवायची? यादीत किती आणि कसली कॉलेजं असावीत? पैशाचं केव्हा बोलायचं? कुणाच्या भाच्याला कुठे मिळालं ते खूप ऐकून झालं आहे. नेमकं काय करायचं ते सांगितलंत तर फार बरं होईल.

अक्षांश:
आधी नवऱ्याचं वाक्य खोडतो, कारण खरा घात तिथे आहे. यूआययूसी हे सीएससाठी सेफ्टी नाही, इलिनॉयच्या मुलांनाही नाही. तिथे अर्ज मेजरवार, म्हणजे मुख्य विषयानुसार तपासतात. विद्यापीठाचा एकूण ॲडमिट रेट (शंभर अर्जांत किती जणांना प्रवेश) बघून जीव भांड्यात पडतो, पण सीएसचा रेट त्याच्या कितीतरी खाली असतो. दुसऱ्या मेजरमधून आत शिरू आणि मग सीएसला बदलून घेऊ, हाही मार्ग जवळपास बंद आहे. सिएटलच्या यूडब्ल्यूला (वॉशिंग्टन विद्यापीठ) तेच. बर्कलीलाही २०२३ च्या फॉलपासून सीएससाठी थेट त्या मेजरलाच प्रवेश मिळवावा लागतो. तेव्हा यूआययूसी यादीत हवंच, पण रीचच्या, म्हणजे मिळणं कठीण अशा कॉलेजांच्या रकान्यात. 'सीएस अधिक काही' असे तिथले जोड-कोर्स आहेत: भाषाशास्त्र, अर्थशास्त्र, खगोलशास्त्र, संगीत वगैरे. दुसऱ्या विषयात खरंच रस असेल तर ते जरूर बघा. मागच्या दाराने सीएस म्हणून बघू नका. अर्जातल्या निबंधात ते लगेच उघडं पडतं आणि गर्दी तिथेही आहेच.

आता मुलीचं. स्टॅनफर्डला अजिबात हात लावू नका. पहिल्याच वाक्यात सांगून टाका की अर्ज होणार, नीट होणार, आणि फी-निबंध सगळ्याला आमची मदत आहे. दुसऱ्या कॉलेजचं नाव काढलं की मुलांना वाटतं, आता आपलं आवडतं काढून घेणार. ती भीती गेली की अर्धं भांडण मिटतं.

मग तिला एकच काम द्या. स्टॅनफर्डमध्ये असं काय आहे जे तिला रोज हवं आहे, ते लिहून काढायचं. लिहायचं तिने, तुम्ही नाही. 'नाव मोठं आहे' हेही लिहू द्या, खोटं कशाला? साधारण पाच-सहा ओळी येतात आणि त्यातली प्रत्येक ओळ दुसरीकडे शोधता येते.

'मेजर नंतर ठरवता येतो' असं लिहिलं, तर ते खरंच महत्त्वाचं आहे. स्टॅनफर्डला मेजरचं कुंपण नाही. तशी मोकळीक केस वेस्टर्नला आहे. एकदा आत गेलं की मेजर बदलायला अडवत नाहीत. रॉचेस्टर विद्यापीठात सक्तीचे सर्वसाधारण विषय जवळजवळ नाहीतच, एक लेखनाचा कोर्स आणि बाकी आपल्या आवडीचे गट.

'सिलिकॉन व्हॅलीच्या जवळ' असेल, तर सँटा क्लारा विद्यापीठ आणि सॅन होजे स्टेट त्याच खोऱ्यात आहेत. कॅल पॉली सॅन लुईस ओबिस्पो थोडं दूर आहे, पण हाताने करून शिकण्यावर तिथे भर असतो. फक्त अर्जातच मेजर पक्का करावा लागतो आणि नंतर बदलणं जिकिरीचं.

'काहीतरी प्रत्यक्ष बनवायचं आहे' असेल, तर डब्ल्यूपीआय (वूस्टर पॉलिटेक्निक) बघा. सात आठवड्यांच्या छोट्या टर्म, एका वेळी तीनच विषय आणि प्रोजेक्ट पदवीसाठी सक्तीचे. शिकतानाच पगारी काम हवं असेल तर सिनसिनाटी, जिथे १९०६ मध्ये को-ऑप ही पद्धतच सुरू झाली, किंवा ड्रेक्सेल, नॉर्थईस्टर्न.

'हवा चांगली आहे' हेही प्रामाणिक कारण आहे, हसू नका. चार वर्षं राहायचं तिला आहे.

आणि 'नाव' या ओळीला उत्तर शोधत बसू नका. ती ओळ कागदावर राहू द्या. बाकीच्या चार ओळी भरल्या की तिचं वजन आपोआप कमी होतं.

या सगळ्यात पालकांनी नावं सुचवायची नाहीत, हे जमवणं सगळ्यात अवघड. तिला सांगा, "या ओळींना बसणारी तीन कॉलेजं तू शोध, तीन मी शोधते, रविवारी बघू." कॉलेजचा विषय आठवड्यातून एकदाच, ठरल्या वेळी, अर्धा तास. जेवताना नाही, गाडीत तर नाहीच. गाडीत तिला उठून जाता येत नाही.

गुणाकार:
अक्षांश यांना अनुमोदन. मी आकड्यांचं सांगतो, कारण सीएसवाल्या मुलांना आकडे पटतात.

स्टॅनफर्डचा ॲडमिट रेट ५ टक्क्यांच्या आत आहे. यावर मुलांचं ठरलेलं उत्तर: मग तसल्या आठ ठिकाणी अर्ज करते, कुठेतरी लागेलच. गणित तिलाच करू द्या. प्रत्येक ठिकाणी ५ टक्के आणि सगळे निकाल एकमेकांपासून स्वतंत्र धरले, तरी आठही ठिकाणी नकार येण्याची शक्यता ०.९५ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ६६ टक्के. त्यातही निकाल स्वतंत्र नसतात. तीच मार्कशीट, तीच शिफारसपत्रं, तोच मुख्य निबंध सगळीकडे जातो. एका ठिकाणी जे उणं वाटलं ते दुसरीकडेही उणंच वाटण्याची शक्यता जास्त. म्हणजे प्रत्यक्ष चित्र ६६ पेक्षा वाईट. रीच वाढवून सुरक्षितता वाढत नाही, खालच्या दोन थरांमुळे वाढते.

माहिती कुठे बघायची? प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' लिहून शोधा. बहुतेक कॉलेजं दरवर्षी तो एकाच ठरलेल्या नमुन्यात छापतात. सगळा वाचायची गरज नाही, त्यातले हे भाग पुरे.
सी१ मध्ये अर्ज किती आणि प्रवेश किती, मुलं-मुली वेगवेगळे.
सी२ मध्ये वेटलिस्टवर किती जणांना ठेवलं आणि त्यातले किती घेतले. हा आकडा काही ठिकाणी शून्य असतो. तो पाहिला की वेटलिस्टची आशा जागेवर येते.
सी७ मध्ये कॉलेज कशाला किती महत्त्व देतं याचा तक्ता. त्यात 'अर्जदाराने दाखवलेला रस' अशी ओळ असते. तिथे 'विचारात घेतो' अशी खूण असेल तर मेलिंग लिस्टवर नाव घालणं, ऑनलाइन माहितीसत्राला बसणं, आलेला ईमेल उघडणं यांचा उपयोग होतो. 'घेत नाही' असेल तिथे वेळ घालवू नका. स्टॅनफर्ड घेत नाही.
सी९ मध्ये सॅटचा मधला ५० टक्क्यांचा पट्टा. इथे एक मेख आहे. जिथे सॅट ऐच्छिक आहे तिथे चांगला स्कोअरवालेच तो पाठवतात, त्यामुळे पट्टा फुगलेला दिसतो. सोबत किती टक्के मुलांनी स्कोअर दिला तेही तिथेच असतं, ते आधी बघा.
आय३ मध्ये वर्ग केवढाले असतात ते. सीएसच्या सुरुवातीच्या वर्गात शेकड्याने मुलं असणार हे गृहीत धरा आणि वरच्या वर्गांचं विचारा.

शाळेत नेव्हियान्स किंवा स्कॉयर (कॉलेज-अर्जांची माहिती ठेवणारी सॉफ्टवेअर) असेल तर त्यातला ठिपक्यांचा आलेख सोन्यासारखा आहे. तुमच्याच शाळेतल्या, तेवढ्याच जीपीएच्या मुलांचं त्या कॉलेजात काय झालं ते दिसतं. पण त्यात मेजर दिसत नाही. इतिहासाला मिळालेला हिरवा ठिपका सीएसला लागू नाही. खेळाडू म्हणून घेतलेली मुलंही त्याच हिरव्या ठिपक्यांत असतात.

यादी केवढी? कॉमन ॲपची (एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवायची साइट) मर्यादा २० आहे, पण २० नीट लिहून होत नाहीत. दहाच्या आसपास पुरे: सेफ्टी दोन-तीन, टार्गेट (मिळण्याची बऱ्यापैकी शक्यता) चार, रीच तीन-चार. सीएससाठी मात्र मी एक पायरी खाली धरतो. एकूण रेटवरून टार्गेट वाटणारं कॉलेज सीएसला रीच समजायचं, आणि सेफ्टी वाटणारं टार्गेट.

केतकी_बन:
हे वाचून नवरा गप्प झाला आहे. मग सेफ्टी म्हणजे नेमकं काय धरायचं? आणि तिला ते "भिकार कॉलेज" वाटू नये म्हणून काय करावं?

अक्षांश:
सेफ्टीच्या तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात. तिच्या मेजरला प्रवेश जवळजवळ नक्की. कुठल्याही न मिळालेल्या शिष्यवृत्तीच्या भरवशाशिवाय परवडणारं. आणि तिला जायला चालेल असं. तिसरी अट सगळे विसरतात, आणि मग एप्रिलमध्ये हातात पत्र असूनही घरात सुतक असतं.

तुमच्या बाबतीत घराजवळ यूआयसी आहे, म्हणजे शिकागोचं सरकारी विद्यापीठ. सीएस इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये आहे आणि फी राज्यातल्या दराने. राज्याबाहेर मिनेसोटा, आयोवा, ॲरिझोना स्टेट, पिट्सबर्ग अशी बघता येतील, मात्र प्रत्येकाच्या सीएसची अट वेगळी तपासून. मिनेसोटात सीएस इंजिनिअरिंगच्या बाजूलाही आहे आणि कला शाखेच्या बाजूलाही, म्हणजे दारं दोन आहेत.

कमीपणा वाटू नये म्हणून चार गोष्टी करता येतात.

पहिली, ऑनर्स कॉलेज, म्हणजे मोठ्या विद्यापीठातच निवडक मुलांसाठी वेगळी सोय. ॲरिझोना स्टेटचं बॅरेट, पेन स्टेटचं श्रायर ही ठळक नावं. छोटे वर्ग, आधी कोर्स निवडायची मुभा, बहुतेक ठिकाणी शेवटी प्रबंध. मोठ्या विद्यापीठात वरच्या वर्गांच्या जागा भराभर संपतात, तिथे आधी नाव नोंदवता येणं याची किंमत दुसऱ्या वर्षी कळते. ऑनर्सचा निबंध वेगळा असतो आणि मुदत कधी कधी मुख्य अर्जाच्या आधी संपते.

दुसरी, रोलिंग ॲडमिशन. पिट्सबर्ग आणि ॲरिझोना स्टेट अर्ज येतील तसे निकाल देतात. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात अर्ज गेला की बाकीच्या मुदती यायच्या आत एक होकार हातात असू शकतो. हातात एक होकार असलेली मुलगी उरलेले निबंध वेगळ्याच सुरात लिहिते. माझ्या मते यादीतला सगळ्यात उपयोगी अर्ज हाच.

तिसरी, भेट. टूरच्या गाइडमागे फिरू नका. कॉलेज चालू असताना, साध्या मंगळवारी-बुधवारी जा, आणि तिला एकटीला सीएसच्या इमारतीत सोडा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना तिने एवढंच विचारायचं: वरच्या वर्गाच्या कोर्सला जागा मिळते का, अडकलं तर कुणाकडे जाता, मागच्या उन्हाळ्यात काय काम केलंत. टूरमध्ये क्लाइंबिंग वॉल दाखवतात. या तीन प्रश्नांना तिथे उत्तर मिळत नाही.

चौथी, अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून वाचणं. सीएसच्या पदवीत डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम्स, आर्किटेक्चर हा गाभा सगळीकडे तोच आहे. फरक पडतो तो शेवटच्या दोन वर्षांतल्या ऐच्छिक विषयांत. तिला रोबोटिक्स आवडतं ना? मग त्या त्या विभागाच्या पानावर कॅटलॉग नव्हे, तर याच सेमिस्टरला प्रत्यक्ष चालू असलेलं वेळापत्रक उघडायचं आणि रोबोटिक्सचे किती कोर्स खरोखर शिकवले जातात ते मोजायचं. कॅटलॉगमध्ये पंधरा असतात, चालू असतात चार. हा खेळ मुलांना आवडतो, आणि एखाद्या बिनचर्चेच्या कॉलेजबद्दल तिच्याच तोंडून "अरे, इथे तर चांगलं आहे" असं निघतं.

आणि घरात त्या कॉलेजबद्दल "तिथे काय, कुणालाही मिळतं" हे वाक्य बंद. फोनवर आत्याशी बोलतानासुद्धा.

सुपारीचं_खांड:
थोडं वेगळं मत मांडतो. उगाच मुलांची उमेद कशाला खच्ची करायची? नाव लागतंच हो. मोठ्या कंपन्या, गुंतवणूकदार सगळे ठरावीक कॉलेजांतच जातात.

गुणाकार:
नाव अगदीच लागत नाही असं कुणीच म्हटलेलं नाही. यावर संशोधन आहे आणि ते दोन्ही बाजूंनी वाचायला हवं.
स्टेसी डेल आणि ॲलन क्रुगर यांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच दर्जाच्या कॉलेजांत अर्ज केलेली आणि सारखेच होकार-नकार मिळालेली मुलं त्यांनी तुलनेला घेतली. जास्त निवडक कॉलेजात गेलेल्यांची आणि कमी निवडक कॉलेजात गेलेल्यांची पुढची कमाई सरासरीने जवळपास सारखी निघाली. गरीब घरातल्या मुलांना मात्र निवडक कॉलेजाचा फायदा दिसला. त्यांच्या पुढच्या अभ्यासात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांनाही, आणि ज्यांचे आईवडील फार शिकलेले नाहीत त्यांनाही.
२०२३ मध्ये चेट्टी, डेमिंग आणि फ्रिडमन यांनी आयव्ही लीगची आठ (हार्वर्ड, येल वगैरे) आणि त्यांच्या बरोबरीची चार, अशी बारा कॉलेजं तपासली. स्टॅनफर्ड त्यात आहे. सरासरी कमाईत तिथेही फारसा फरक नाही. पण कमाईच्या सर्वात वरच्या १ टक्क्यात पोचण्याची आणि नामांकित संस्थांत काम मिळण्याची शक्यता बरीच वाढते.
म्हणजे अतिशय टोकाच्या यशासाठी नावाची मदत होते. चांगली नोकरी, चांगलं शिक्षण यासाठी मुलीचं कर्तृत्व पुरेसं असतं. मुलीला दोन्ही निष्कर्ष दाखवा. एकच दाखवलात तर दुसरा ती स्वतः शोधून काढेल आणि तुमचं पुढचं काही ऐकणार नाही.
प्रत्येक कॉलेजचा 'फर्स्ट डेस्टिनेशन' अहवाल असतो: पदवीनंतर कोण कुठे गेलं. त्यात किती टक्के मुलांची माहिती मिळाली ते आधी बघा. निम्म्याच मुलांनी उत्तर दिलं असेल तर सरासरी पगार वाचण्यात अर्थ नाही. सरकारी 'कॉलेज स्कोअरकार्ड'वर मेजरवार मध्यम कमाई आणि कर्ज दिसतं, पण तिथे फक्त सरकारी मदत किंवा कर्ज घेतलेली मुलं मोजलेली असतात.

खर्चपाणी:
पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. केव्हा बोलायचं? यादी पक्की होण्याआधी, म्हणजे आत्ता. एप्रिलमध्ये होकार आल्यावर "परवडत नाही" म्हणणं हा मुलीवर अन्याय आहे. वर्षाला किती देऊ शकतो तो आकडा तुम्ही नवरा-बायकोने आधी एकमेकांत ठरवा, मग तिला स्पष्ट सांगा. "बघू, करू काहीतरी" हा आकडा नाही.

मोठ्या खासगी कॉलेजांचा राहण्या-जेवण्यासकट खर्च आता वर्षाला ९०,००० डॉलरच्या आसपास आहे. पण छापील किंमत आणि तुम्हाला पडणारी किंमत वेगळी. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला २०११ पासून वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवणं बंधनकारक आहे. टॅक्स रिटर्न आणि बँक-गुंतवणुकीचे आकडे शेजारी घेऊन बसा, यादीतल्या प्रत्येक कॉलेजचं चालवा आणि निकालाचं पान जपून ठेवा. स्वतःचा धंदा किंवा भाड्याने दिलेलं घर असेल तर कॅल्क्युलेटर चुकतो, तेव्हा थेट मदत कार्यालयाला लिहा.

दोन प्रकार ध्यानात घ्या. स्टॅनफर्ड, एमआयटी आणि आयव्ही कॉलेजं हुशारीवर पैसे देत नाहीत, फक्त गरजेवर देतात. स्टॅनफर्डला १,५०,००० डॉलरच्या आत उत्पन्न आणि बेताची मालमत्ता असलेल्या कुटुंबाला शिकवणीची फी पडत नाही. दोघंही आयटीत असलेली बरीच घरं या रेषेच्या वर असतात आणि पूर्ण किंमत भरतात. याउलट केस वेस्टर्न, रॉचेस्टर यांसारखी कॉलेजं गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतात. कुठलं कॉलेज किती देतं ते कॉमन डेटा सेटच्या एच२ए मध्ये सापडेल: गरज नसतानाही किती मुलांना पैसे मिळाले आणि सरासरी किती.

फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, साधारण १ ऑक्टोबरला उघडतो. सीएसएस प्रोफाइल (मदतीचाच आणखी सविस्तर अर्ज) बरीच खासगी कॉलेजं वेगळी मागतात, आणि त्यात काही कॉलेजं राहत्या घराची इक्विटीही (किंमत वजा कर्ज) धरतात. दोन्हींच्या मुदती कॉलेजगणिक वेगळ्या. उत्पन्न जास्त आहे म्हणून फाफ्सा भरायचाच नाही, असं करू नका. विद्यार्थ्याच्या नावावरचं सरकारी कर्ज त्याशिवाय मिळत नाही.

अर्ली डिसिजनबद्दल, म्हणजे एकाच कॉलेजला आधीच्या फेरीत करायच्या अर्जाबद्दल, एक सावधगिरी. ते बंधनकारक असतं. विद्यार्थी, पालक आणि काउन्सेलर तिघांच्या सह्या लागतात, आणि होकार आला की बाकी अर्ज मागे घ्यायचे. मदत अपुरी पडली तर सुटता येतं, पण चार ठिकाणच्या ऑफर शेजारी ठेवून तुलना करायची संधी जाते. शिष्यवृत्तीवर अवलंबून असाल तर यात पडू नका.

नवाकोरा:
मध्येच विचारतो. आमचा मुलगा एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहे. हेच सगळं लागू होतं का?

खर्चपाणी:
नाही, बराच फरक आहे. एच-४ वरच्या मुलाला सरकारी मदत मिळत नाही, त्यामुळे फाफ्साचा उपयोग नाही. नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीही नाही, ती नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहे. बहुतेक खासगी कॉलेजं त्याला आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांत धरतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकी कॉलेजं आंतरराष्ट्रीय मुलांच्या बाबतीतही प्रवेश देताना गरज बघत नाहीत. स्टॅनफर्ड बघतं: मदत मागितली की निवडीत तो मुद्दा येतो.
राज्यातल्या दराने फी लागेल का, हे प्रत्येक राज्याच्या नियमावर आहे. बऱ्याच ठिकाणी एच-४ ला मिळते, पण कॉलेजच्या रेसिडेन्सी कार्यालयाकडून लेखी घ्या, प्रवेश कार्यालयाच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका.
आणि २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो. मधल्या वर्षात एफ-१ ला (विद्यार्थी व्हिसा) बदलावं लागणार. एच-४ वर पगारी इंटर्नशिप करता येत नाही. एफ-१ वर सीपीटी (शिकताना काम करायची परवानगी) साधारण एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर मिळते. म्हणून काही जण सुरुवातीलाच बदल करतात. त्याने काही राज्यांत फीचा दर बदलतो, तेव्हा वकील आणि कॉलेज दोघांना विचारल्याशिवाय अर्ज करू नका. तुमच्या यादीत आंतरराष्ट्रीय मुलांना गुणवत्तेवर पैसे देणारी कॉलेजं वाढवा, आणि सेफ्टी पूर्ण फी भरून परवडेल अशीच निवडा.

केतकी_बन:
लेकीने कागद लिहिला! पहिलीच ओळ "नंतर मेजर बदलता यावा". सीएसच करणार म्हणून घर डोक्यावर घेणारी हीच. आता तारखांचं कसं बसवायचं ते सांगा. स्टॅनफर्डला अर्ली करायचं म्हणते आहे.

अक्षांश:
करू द्या. स्टॅनफर्डची अर्ली फेरी 'रिस्ट्रिक्टिव्ह अर्ली ॲक्शन' आहे, मुदत १ नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. बंधनकारक नाही, होकार आला तरी १ मेपर्यंत ठरवता येतं. अट एवढीच की त्या फेरीत दुसऱ्या खासगी कॉलेजला अर्ली अर्ज करायचा नाही. सरकारी विद्यापीठांना बंधनकारक नसलेला अर्ली अर्ज चालतो, रोलिंगही चालतं. म्हणजे यूआययूसी, पर्ड्यू यांची अर्ली ॲक्शन (बंधन नसलेली लवकरची फेरी) करता येईल. केस वेस्टर्न मात्र रेग्युलरमध्ये, म्हणजे जानेवारीच्या नेहमीच्या फेरीत ढकलावं लागेल. शिष्यवृत्तीसाठी लवकर अर्ज सक्तीचा असेल तर काही सूट आहे, तो मजकूर स्टॅनफर्डच्या पानावर शब्द न् शब्द वाचा. सॅट किंवा एसीटीचा (सॅटसारखीच दुसरी परीक्षा) स्कोअर आता तिथे लागतो.

कामाचा क्रम उलटा लावा. ऑगस्टात ६५० शब्दांचा मुख्य निबंध. सप्टेंबरात दोन रोलिंग अर्ज आणि त्यांचे ऑनर्सचे निबंध. शिफारसपत्रांसाठी शिक्षकांना शाळा उघडताच विचारा, ऑक्टोबरात त्यांच्याकडे रांग लागते. ऑक्टोबरात स्टॅनफर्ड आणि सरकारी अर्ली ॲक्शन. हे झाल्यावर मुलं हात झटकून बसतात आणि इथेच गाडं रुततं. डिसेंबरच्या मध्यावर नकार आला की १ ते ५ जानेवारीच्या मुदतीला जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. त्यात सुट्टी, रडारड आणि सहा कॉलेजांचे निबंध. ते निबंध घाईचे दिसतात आणि टार्गेटवालेही नकार देतात. म्हणून नोव्हेंबरभर रेग्युलरचं लेखन चालू ठेवायचं आणि १० डिसेंबरपर्यंत सगळे मसुदे तयार. होकार आलाच तर फेकून द्या, काय बिघडलं?

स्टॅनफर्डचे निबंध तिथलेच आहेत. रूममेटला लिहायची चिठ्ठी दुसरीकडे चालत नाही. बाकीच्यांचा 'आमचंच कॉलेज का' हा निबंध असतो. त्याची एक चाचणी: मसुद्यात कॉलेजचं नाव खोडून दुसऱ्या कॉलेजचं घाला. तरी निबंध बरोबर वाटला, तर तो कामाचा नाही. आधी सांगितलेलं चालू सेमिस्टरचं वेळापत्रक इथे उपयोगी पडतं. "तुमच्या तिसऱ्या वर्षाच्या रोबोटिक्स कोर्समधला शेवटचा प्रोजेक्ट" असं लिहिता येतं, "तुमचे जगप्रसिद्ध प्राध्यापक" असं लिहावं लागत नाही.

केतकी_बन:
आणि डिसेंबरात नकारही नाही, होकारही नाही, लटकवून ठेवलं तर? ते म्हणे डिफर करतात.

गुणाकार:
डिफर म्हणजे अर्ज रेग्युलर फेरीत पुन्हा बघणार, निकाल मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला. अट संपते, त्यामुळे ती कुठेही अर्ज करायला मोकळी. जानेवारीत 'अर्ली डिसिजन २' अशी बंधनकारक फेरी केस वेस्टर्न, रॉचेस्टर यांच्याकडे असते. कागदातल्या पहिल्या ओळीला हीच दोन बसतात, पण नेट प्राइसचा आकडा आधी जुळला असेल तरच.
स्टॅनफर्डला एक छोटं अपडेट, तेही कॉलेजने मागितलेल्या मार्गानेच. रोज ईमेल नको, माजी विद्यार्थ्यांकडून ओळखीची पत्रं तर अजिबात नकोत. मिडइयर ग्रेड (बारावीच्या पहिल्या सहामाहीचे मार्क) काउन्सेलरकडून जातात, त्या वेळेत गेल्या का ते जानेवारीअखेर विचारा. मार्क घसरू देऊ नका. होकार आल्यावरही शेवटचं ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) मागतात आणि त्यात डी ग्रेड दिसली तर ऑफर मागे घेऊ शकतात. हा नियम सेफ्टीलाही लागू आहे.